भुरीची भेट

मांजरं खाल्ल्या मिठाला जागत असत, त्या काळची ही गोष्ट. अनसूयाकाकूंच्या दुधावर वाढलेली भुरी मांजर रोज सकाळी त्यांच्यासाठी एक चिमणी मारून उंबऱ्यावर ठेवी. काकू ती उचलत आणि परसात जात.

एका सकाळी कौलावरून एक चिमणी म्हणाली, "मावशी, माझ्या बहिणीचं काकूंनी काय केलं गं?"

"काय करणार? खाल्लं असेल एकटीनंच! मला पीससुद्धा ठेवत नाही म्हातारी."

"परसात जाऊन बघ तरी."

भुरी गेली. कढीपत्त्याखाली मातीचे इवले इवले ढीग होते. शेवटचा ढीग थापटून काकू डोळे पुसत होत्या. पायरीवर त्यांचा चहा निवून गेला होता.

त्या दिवशी भुरी दुधाला शिवली नाही.

दुसऱ्या सकाळी तिने उंबऱ्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याची चिंधी आणून ठेवली. काकूंना हसू फुटलं. "अगं बाई, ही कुठली शिकार?" म्हणत त्यांनी चिंधीचा बोळा करून फेकला. भुरीने झेप घेतली, तो परत आणला. काकूंनी पुन्हा फेकला.

चहा त्याही दिवशी निवला. पण कढीपत्त्याखाली माती उकरायला कुणी गेलं नाही.