सुगरणीचा सरडा

झाडं पाखरांशी अजून बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. विहिरीवर ओणवलेल्या करंजाच्या झाडावर एक सुगरण राहायची. एकदा तिला करंजाच्या शेंगेएवढा इवलासा सरडा सापडला. एवढा लहान सरडा त्या शिवारात कुणी पाहिला नव्हता.

"आता हा माझा!" म्हणत तिने त्याला आपल्या जास्तीच्या घरट्यात ठेवलं आणि दारच विणून बंद करून टाकलं.

"ताई, ऊन नाही मिळालं तर मी गारठून मरेन हो," आतून सरडा म्हणाला.

"इतकं सुबक घर तुझ्या आजीने तरी पाहिलं होतं का?" असं ठणकावून सुगरण साळुंकीला आणि खारीला बोलावून आली.

दोघींनी फटीतून डोकावलं. सरडा वाळक्या गवतावर बसून वाळक्या गवतासारखाच झाला होता.

"रिकामं घरटं दाखवायला बोलावलंस होय?" खार फिसकन हसली.

सुगरण लाजेने लाल झाली. "अरे, जरा हिरवा हो ना! माझी अब्रू जातेय!"

"हिरव्यावर बसवलंत तर होईन की," सरडा नम्रपणे म्हणाला.

सुगरणीने घाईघाईने दार उसवलं आणि त्याला पानांत बसवलं. "आता बघा!"

तिघी टक लावून बघत राहिल्या. सरडा हिरवा झाला, आणि असा झाला की पुन्हा कुणाला दिसलाच नाही.

अजूनही सुगरण ऐटीत सांगते, "माझा सरडा याच झाडावर असतो."

तेव्हा तिच्या शेजारचं एक पान हळूच विचारतं, "कुणाचा?"