यशया पाणाड्या आणि तबीथाबाईचा दोर

माळखडीची विहीर भर उन्हाळ्यातही आटत नाही. ती कुणी खणली हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी मी सांगणार, कारण मला सांगायला आवडतं.

फार वर्षांपूर्वी, गावातलं चर्च नवंनवं होतं तेव्हा, इथं यशया नावाचा पाणाड्या राहायचा. हातात उंबराच्या दुफाटी फांदीची बेचकी धरून तो माळावर चालायचा. जमिनीखाली पाणी असलं की बेचकी आपोआप खाली वळायची. पाणीच त्याला हाक मारायचं, असं म्हणतात. माणूस गुणाचा, पण राग नाकावर.

एका रविवारी चर्चमधली भक्ती संपल्यावर गमाजी नावाच्या शेतकऱ्यानं चारचौघांत त्याची थट्टा केली. "बेचकी कसली वळतीया, यशयाचा हातच थरथरतोय!" सगळे हसले. यशयाही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात सलत राहिलं. पुढं गमाजीनंच त्याला शेतात पाणी बघायला बोलावलं. बेचकी बाभळीपाशी वळली. यशयानं मात्र वीस पावलं पलीकडची मुरमाड जागा दाखवली. खणू दे कोरडी विहीर, जिरेल त्याची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण खणताना मुरूम ढासळला आणि गमाजी त्याखाली गाडला गेला.

गाव म्हणालं, अपघात. खरं काय ते एकट्या यशयाला ठाऊक. त्या दिवसापासून त्याची बेचकी कुठंच वळेना, असं म्हणतात. दोन वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं. मग एका रविवारी तो भर चर्चमध्ये उभा राहिला. समोर गमाजीची बायको तबीथाबाई बसली होती.

"बाई, पाणी कुठं हाय ते ठावं असून म्या खोटी जागा दावली. गमाजी माझ्यामुळं गेला. बाभळीपाशी मला खणू द्या."

तबीथाबाई उठून गेली. पण नाही म्हणाली नाही.

यशया खणू लागला. असल्या माणसाचा दोर धरायला कोण येणार? बाभळीला दोर बांधून तो एकटाच उतरायचा, एकटाच माती वर आणायचा. चाळीस दिवस तो अन्नाला शिवला नाही, असं म्हणतात. माझी आत्या म्हणायची, "काही सांगू नका. भाकरी खायचा की. बांधावर कोण ठेवून जातं ते त्याला ठाऊक नव्हतं, इतकंच."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी विहिरीची कड खचली. बाभळीची मुळं उखडली आणि दोर सुटला. यशया खाली जाता जाता मध्येच अडकला. वर भाकरीचं फडकं टाकून तबीथाबाईनं दोर दोन्ही हातांनी धरला होता.

"सोडा, बाई. माझी हीच जागा."

"गप. एक गेला तेवढा बास. पाय लाव कपारीला."

"माफ केलं का मला?"

"त्ये रोज करावं लागंल. येशूनं मला सोडलं न्हाई, म्हनून आज दोर धरलाय."

यशयानं पाय लावला. कपारीतला दगड निसटला, पाणी उसळलं आणि त्या पाण्यानंच त्याला अलगद काठावर आणून ठेवलं, असं म्हणतात. ईस्टरच्या पहाटे सारं गाव घागरी घेऊन आलं. तबीथाबाईच्या तळहातांवरचे वळ मात्र मरेपर्यंत गेले नाहीत. केवढी मोठी बाई!

अजूनही ईस्टरच्या आदल्या आठवड्यात आम्ही त्या विहिरीतला गाळ काढतो. खाली उतरणाऱ्यानं दोर द्यायचा तो ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्या हाती, अशी रीत आहे. मागल्या साली मी उतरलो. वर माझा थोरला भाऊ होता. सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. निम्म्यात माझा पाय घसरला, आणि वरून आवाज आला, "पाय लाव कपारीला. मी धरलंय."