बटाट्याचं गाव कोणतं?

अमेरिकेची लोरेटा स्कॉटलंडच्या एका खेड्यात बारा वर्षं राहत होती. यंदा गावच्या जत्रेत बटाट्याच्या पोळ्यांची स्पर्धा लागली. अध्यक्ष अर्कहार्टसाहेबांनी एक पोळी मिटक्या मारत चाखली. "वा! हीच आमच्या मातीची चव. पहिला नंबर!"

पोळी लोरेटाची निघाली, तसा साहेबांनी पुढे केलेला चषक मागे घेतला. "बक्षीस इथल्या मातीतल्यांनाच. समुद्रापलीकडून आलेल्यांना नाही!"

लोरेटा शांतपणे म्हणाली, "मग आधी बटाट्याला बाद करा, साहेब. तोही समुद्र ओलांडून आमच्याच बाजूनं आला. तुमच्या मातीनं त्याला गाव विचारलं होतं का?"

साहेबांनी नुकताच उरलेल्या पोळीचा आणखी एक घास तोंडात टाकला होता. त्यांनी बटाट्याबरोबर मूगही गिळले आणि मुकाट चषक पुढे केला.