बारवेत लोटलेलं वादळ

समुद्राला अगदी लागून एक नगर होतं, त्या काळची ही गोष्ट.

नगराचं तोंड समुद्राकडे होतं. राजवाडा, देवळं, बाजार, सावकारांची घरं, सगळं बंदराच्या बाजूला. पाठीमागे, जिथे डोंगर सुरू होतो तिथे बुरूडआळी होती. तिथले लोक बांबूच्या टोपल्या आणि सुपं विणत. गलबतातून उतरणारा पाहुणा नगर बघून खूश होऊन परत जाई, पण ही आळी त्याच्या नजरेला कधी पडत नसे.

आळीच्या मधोमध एक बारव होती. बारव म्हणजे खोल, दगडी पायऱ्यांची विहीर. आळीतली माणसं तिचंच पाणी पीत आणि विणायच्या आधी बांबूही त्याच पाण्यात भिजवीत. बंदराकडच्या लोकांच्या दारादारांत विहिरी होत्या, त्यामुळे या बारवेशी त्यांचा काही संबंध नव्हता.

एका वर्षी वैशाख सरता सरता मोठं वादळ आलं. दुपारी आभाळ तांबूस झालं, वारा पडला, आणि मग समुद्रावरून असा वारा सुटला की घरांची छपरं पत्त्यांसारखी उडाली. समुद्र बाजारात शिरला, राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत चढला, बंदराकडच्या विहिरींत उतरला. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा रस्ता कुठला आणि घर कुठलं हे ओळखू येत नव्हतं. माड आडवे पडले होते. कौलं, वासे, जाळी, होड्यांच्या फळ्या आणि मेलेली गुरं यांचा नुसता चिखल झाला होता.

नगराच्या कोतवालाचं नाव रायाजी. माणूस चांगला होता. वादळात तो घरी बसला नव्हता, कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला होता. बुरूडआळीतल्या ठकूबाईचा मुलगा भिवा टोपल्या विकायला बाजारात गेला होता. तो वाहून जाताना रायाजीनेच त्याला धरून ओढून काढलं होतं. तेव्हापासून ठकूबाई देवापुढे हात जोडताना रायाजीचंही नाव घेई.

वादळ गेल्यावर राजाने रायाजीला बोलावलं. राजकन्येची सोयरीक ठरायची होती. मुलाकडची मंडळी दूरच्या बंदरातून निघणार होती, आणि पावसाळ्यात समुद्र बंद होण्याआधी त्यांना येऊन परत जायचं होतं. पाहुणे किनाऱ्यावर पाय ठेवतील तेव्हा वाटेत एक काटकीसुद्धा दिसता कामा नये, असं राजाने सांगितलं. रायाजीने विचारलं की एवढा सगळा राडारोडा टाकायचा कुठे. राजा म्हणाला, ते तू बघ.

नगर कामाला लागलं. त्या दिवसांत लोकांनी खरोखर जीव ओतून काम केलं. सावकारांच्या सुनांनी पदर खोचून चिखल आणि विहिरींत शिरलेलं खारं पाणी उपसलं. भटजींनी आणि कोळ्यांनी मिळून माड ओढले. बुरूडआळीने घरात होत्या नव्हत्या तेवढ्या टोपल्या आणून दिल्या, आणि संपल्या तेव्हा आणखी विणल्या. रस्ते मोकळे होत गेले आणि गाड्यांवर ढीग चढत गेले.

खरं तर हे सगळं घाटापलीकडच्या माळावर न्यायला हवं होतं. तिथे लाकूड वेगळं काढता आलं असतं, मेलेली जनावरं पुरता आली असती. पण घाट चढायला बैलांना अख्खा दिवस लागे, आणि पाहुणे कधीही दिसतील अशी वेळ आली होती. बैल थकले, गाडीवान कुरकुरू लागले. डोंगराच्या वाटेवर बुरूडआळी लागते. तिथे बारवेपाशी गाड्या थांबल्या. गाडीवानांचा मुकादम काठावरून खाली बघत म्हणाला की एवढा मोठा खड्डा आयता आहे, यात सगळं बसेल.

रायाजी काठावर येऊन खाली बघू लागला. ठकूबाई आळीतल्या बायकांना घेऊन आली.

"सरकार, हे आमचं प्यायचं पाणी आहे," ती म्हणाली.

रायाजीने तिला समजावलं. पाऊस तोंडावर आला आहे, पाणी कमी पडणार नाही. चार महिने बंदराकडच्या विहिरींवर या, तुम्हाला कुणी अडवणार नाही. पाऊस संपला की मी स्वतः उभा राहून बारव उपसून देईन. हे त्याने मनापासून सांगितलं. सांगताना त्याला ते खरंच वाटत होतं.

ठकूबाईचं मन हे मानत नव्हतं. पण याच माणसाने आपला मुलगा परत आणून दिला, त्याला नाही कसं म्हणायचं, असं तिला वाटलं. ती बाजूला झाली. तिच्यामागे बायकाही बाजूला झाल्या. गाड्या रिकाम्या होऊ लागल्या. आळीनेच विणलेल्या टोपल्यांतून कौलं, कुजकी मासळी, फुटकी दारं आणि फुगलेल्या शेळ्या बारवेत पडत राहिल्या. रायाजीने तोंड फिरवलं आणि पुढची गाडी बोलावली.

पाहुणे आले. एवढ्या वादळानंतर नगर असं लख्ख कसं, म्हणून त्यांनी राजाचं कौतुक केलं. सोयरीक ठरली. राजाने भर दरबारात रायाजीच्या खांद्यावर शेला घातला. गलबतं परत गेली आणि पाऊस सुरू झाला.

बारवेतल्या राड्यावर पावसाचं पाणी साचलं. ते काळं होतं आणि त्याला वास होता. आळीतल्या बायका हंडे घेऊन बंदराकडे जाऊ लागल्या. अडवत त्यांना कुणी नव्हतं, पण सगळ्यांचं भरून होईपर्यंत त्यांना लांब उभं राहावं लागे. चिखलातून जाता-येता अर्धा दिवस मोडे. मग ज्यांच्या अंगात ताकद नव्हती, त्यांनी बारवेचंच पाणी फडक्याने गाळून घ्यायला सुरुवात केली.

श्रावणात आळीत जुलाबाची साथ आली. भिवाची बायको पवना पोटुशी होती. लांब चालणं तिला जमत नव्हतं. ती गेली. आणखी काही घरांतलीही माणसं गेली, बहुतेक म्हातारी आणि तान्ही. दरबारात ही बातमी आली तेव्हा राजा हळहळला, त्याने वैद्य पाठवला, आणि मग लग्नाच्या मांडवाचं बोलणं पुढे चालू झालं. रायाजीने मान खाली घातली होती. त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाऊस संपल्यावर त्याने राजाकडे बारव उपसण्यासाठी गाड्या मागितल्या. लग्न तोंडावर आहे, आत्ता एकही बैल मोकळा नाही, असं उत्तर आलं. रायाजीने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लग्न थाटात झालं. त्यानंतर, थंडी पडू लागली तेव्हा बंदराकडे कुणाच्या तरी घरी डाळ शिजेना. मग शेजारच्या घरीही शिजेना. वादळात समुद्र विहिरींत उतरला होता, जमिनीत मुरला होता. पावसाचं गोडं पाणी चार महिने त्याच्यावर राहिलं. ते गोडं पाणी उपसून संपलं आणि खालून खारं वर येऊ लागलं. एकेक करून बंदराकडच्या सगळ्या विहिरी बिघडल्या. असं काही होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ना राजाच्या, ना रायाजीच्या, ना ठकूबाईच्या.

नदी फार लांब होती. गाड्यांवर पिंपं बांधून पाणी येई, ते राजवाड्याला आणि मोठ्या घरांनाच कसंबसं पुरे. लोक बिऱ्हाडं बांधून निघून जाऊ लागले. बाजारपेठेत एकेक दार बंद होत गेलं. नगरात समुद्राचं पाणी लागणार नाही अशी एकच जागा होती, डोंगराच्या पायथ्याची. आणि तिथल्या बारवेत वादळ भरून ठेवलं होतं. हे सगळ्यांना कळत होतं, पण चौकात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

रायाजीची धाकटी मुलगी तापाने पडली. त्याने तिच्या ओठांना विहिरीच्या पाण्याची वाटी लावली. तिने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला.

"बाबा, हे नको," ती म्हणाली. "दुसरं द्या."

घरात दुसरं नव्हतं. रायाजीने शेजाऱ्यांकडून मागून थोडं नदीचं पाणी आणलं, तिला पाजलं, आणि तडक बुरूडआळीत गेला.

आळी अर्धी रिकामी झाली होती. ठकूबाई ओट्यावर बसून बांबू सोलत होती. भिजवायला पाणी नसल्यामुळे कांब सारखी मोडत होती. रायाजी तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने बारव उपसायला टोपल्या मागितल्या.

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलं. "मागच्या वेळीही टोपल्या आम्हीच दिल्या होत्या," ती म्हणाली.

ती उठून आत गेली, आणि होत्या तेवढ्या टोपल्या आणून तिने त्याच्या पायाशी ठेवल्या.

तो एकटाच पायऱ्या उतरला. खाली वास इतका होता की डोळ्यांतून पाणी येई. त्याने पहिली टोपली भरून वर आणली, मग दुसरी. काठावर आळीतली माणसं येऊन उभी राहिली, पण कुणी हलेना. शेवटी भिवा पुढे झाला. त्याने रायाजीच्या हातातली भरलेली टोपली घेतली आणि रिकामी त्याच्याकडे सरकवली. काम चालू होतं तोवर तो रायाजीशी एक शब्द बोलला नाही.

बातमी पसरली तशी बंदराकडची माणसंही आली. तहानेने आणली असं म्हणा, किंवा लाजेने. काठावर काळ्या राड्याचा ढीग चढला, आणि गाड्या आल्या. मुकादमाने सवयीने विचारलं की आळीच्या मागच्या वावरात टाकू ना?

रायाजीने बैलाची वेसण धरली आणि गाडीचं तोंड नगराकडे फिरवलं. राजवाड्यासमोरच्या पटांगणात, जिथे पाहुण्यांची स्वागतं होत, तिथे त्याने पहिली गाडी रिकामी केली. मागून बाकीच्या आल्या.

राजा सज्जात आला. त्याने नाकाला उपरणं लावलं होतं. हे काय चाललंय, असं त्याने संतापून विचारलं.

"महाराज, हा कचरा इथलाच आहे," रायाजी म्हणाला. "तेव्हाही इथलाच होता. मी तो दुसऱ्यांच्या पाण्यात टाकला, आणि तुम्ही मला शेला दिला."

राजाने त्याला तिथल्या तिथे कोतवालीवरून काढलं. गाड्या परत न्यायचा हुकूम सोडला. पण एकही गाडीवान जागचा हलला नाही. आडदांडपणा कुणी केला नाही, सगळे फक्त उभे राहिले. राजा आत गेला आणि त्याने खिडक्या लावून घेतल्या. पण वास खिडक्यांना जुमानत नाही. थोड्याच दिवसांत त्याने माणसं आणि बैल धाडले. पटांगणातलं लाकूड वेगळं झालं, कौलं वेगळी झाली, हाडं घाटापलीकडे नेऊन पुरली गेली. जे काम वादळानंतर लगेच व्हायला हवं होतं, ते वर्ष उलटताना झालं.

बारवेचा तळ लागला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. दगडांच्या फटींतून पाणी पाझरू लागलं, हंडा भरायला खूप वेळ लागे इतकं थोडं. ते खारं नव्हतं, पण त्याला कुजका वास होता. रायाजी आता कुणी कोतवाल नव्हता. तरी तो रोज येई, तळाशी उतरून गाळ काढी, साचलेलं पाणी उपसून फेकून देई. पुन्हा साचलेलं पुन्हा फेकी. मुलगी बरी झाली होती. गेलेल्या बिऱ्हाडांपैकी फारच थोडी परत आली. पवना गेल्यापासून घरात चूल ठकूबाईच पेटवी.

एका संध्याकाळी, उतरतं ऊन पायऱ्यांवर होतं तेव्हा ठकूबाई काठावर आली. खाली रायाजी गुडघाभर गाळात वाकून काम करत होता.

"रायाजी, वर ये," ती म्हणाली. "आजचं पुरे झालं."

तो वर आला. तिने बारवेतून भरलेल्या आपल्या हंड्यातलं पाणी त्याच्या हातांवर घातलं. हात धुऊन झाल्यावर त्याने उरलेलं पाणी ओंजळीत मागितलं. तिने हंडा बाजूला ठेवला.

"हे प्यायचं नाही," ती म्हणाली. "अजून नाही."

दोघं काठावर बसून राहिली. खाली पाणी थेंबाथेंबाने साचत होतं.

या गोष्टीचं तात्पर्य: आपल्या दारातून उचललेली घाण कुणाच्या तरी दारात जाऊन पडते. ती कुठे पडली हे ज्याने पाहिलं नाही, त्याने स्वच्छ काहीच केलेलं नसतं. आणि पुढे कितीही उपसलं तरी मधल्या काळात गेलेली माणसं परत येत नाहीत.