चोथ्यावरच्या गाई

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात भद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमरक्षित या नावाने त्याचा गवाध्यक्ष झाला होता. राजाच्या गाईगुरांचा सगळा कारभार त्याच्याकडे होता. उतारवय झाले होते, गुडघे दुखत होते, आणि त्याहून जास्त जीभ थकली होती. कारण दरबारात खरे बोलण्याचे काम त्याच्या एकट्याच्याच वाट्याला येई.

राजाच्या गाई डोंगरउतारावर चरत. दूध बेताचेच देत, पण त्यावर जाड पिवळसर साय धरे. राजाला मात्र साईपेक्षा भरलेले हंडे बघायची हौस होती. हे ओळखून मद्यशाळेचा अध्यक्ष मणिधर एक युक्ती घेऊन आला. मद्य गाळल्यावर धान्याचा आंबलेला चोथा उरे आणि तो नदीत फेकावा लागे. मणिधर म्हणाला, "महाराज, गाई नगरात आणून दावणीला बांधाव्यात आणि हा चोथा चारावा. डोंगर चढण्या-उतरण्यातच त्यांचे अर्धे दूध जिरते."

सोमरक्षिताने विरोध केला. "महाराज, गाय जे खाते तेच दुधात उतरते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?" राजा हसला. काही दिवसांनी त्याने पुन्हा विरोध केला, तेव्हा राजाने जांभई दिली. आणखी एकदा विषय निघाला तेव्हा मात्र सोमरक्षित गप्प बसला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचे, असे त्याच्या मनात आले. त्याने आज्ञेवर आपली मुद्रा उठवली आणि घरी जाऊन आडवा झाला. खरे सांगायचे तर त्या दिवशी त्याला हायसेच वाटले.

हंडे भरू लागले. राजवाड्याच्या मेंढ्याही त्याच चोथ्यावर बांधल्या गेल्या. त्या गरगरीत दिसत, पण मांस शिजवले की नुसती चरबी सुटे आणि ताटाला आंबूस वास येई. आचारी मिरे वाढवीत गेला, आणि राजा काही न बोलता जेवत गेला. पण यज्ञासाठी तूप कढवायची वेळ आली आणि एवढ्या दुधातून लोणी निघाले मूठभर, तेव्हा राजाचे डोके फिरले.

पोतनात दुधाची एक परीक्षा होती. ती सोमरक्षितानेच घालून दिली होती. दर्भाची काडी दुधात बुडवून वर उचलायची. थेंब काडीला धरून राहिला तर दूध निर्भेळ. ओघळला तर गवळ्याने पाणी घातले असे समजायचे, आणि त्याचा उजवा हात तोडायचा. गाई कुरणावर होत्या तोवर कुणाचा हात तोडायची वेळ आलीच नव्हती. आता काडी बुडवली, थेंब ओघळला, आणि खेमक नावाच्या गवळ्याला शिपायांनी धरले.

खेमक सोमरक्षिताच्या पायाशी येऊन बसला. "धनी, पाणी नाही हो घातलं मी. धार काढणारा हातच गेला तर मी खायचं काय, अन् पोरांना घालायचं काय?"

सोमरक्षिताला उठवत नव्हते. पुन्हा तोच दरबार, तीच जांभई. शिवाय महामात्याची जागा रिकामी झाली होती आणि ती त्यालाच मिळणार, असे सगळे म्हणत होते. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

त्याने एक गाय थेट दरबारात आणवली आणि राजासमोर तिची धार काढायला लावली. त्याच दुधात काडी बुडवली. थेंब ओघळून खाली पडला.

"महाराज, आता हात कुणाचा तोडायचा, ते सांगावे."

राजा बराच विचार करून म्हणाला, "मग ही परीक्षाच बंद करू. पण गवळ्याची शिक्षा जाहीर झाली आहे, ती मागे घेतली तर आमची शोभा होईल. तुम्ही यात पडू नका, सोमरक्षित. उद्या तुम्हाला महामात्य व्हायचे आहे."

सोमरक्षिताला हसू आले आणि रडूही आले. तो म्हणाला, "महाराज, पाणी कुणी घातले असेल तर मी घातले. दोनदा बोललो आणि पुढे थकून गप्प बसलो. मुद्रा माझी आहे. हात तोडायचाच तर माझा तोडा." एवढे म्हणून त्याने उजवा हात पुढे केला.

राजा त्या हाताकडे पाहू शकला नाही. त्याने खेमकाला सोडले. पण सोमरक्षिताचे पद काढून घेतले आणि नगर सोडून जायला सांगितले. जाताना काय हवे, असे राजाने विचारले तेव्हा सोमरक्षिताने चोथा खाऊन दूध आटलेल्या गाई मागितल्या. राजाने त्या आनंदाने दिल्या.

सोमरक्षित आणि खेमक त्या गाई घेऊन डोंगराकडे निघाले. दावणीला राहून खूर वाढले होते, त्यामुळे गाई अडखळत चालत. काही वाटेतच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. उरलेल्या कशाबशा कुरणावर पोहोचल्या. गवत गुडघाभर वाढले होते, आणि एक तांबडी गाय त्या गवतात मान खाली घालून नुसती उभी होती. कुणीतरी येऊन पुढ्यात चोथा ओतील, याची ती वाट पाहत होती.

"धनी, ही चरायचंच विसरली," खेमक म्हणाला.

सोमरक्षित फार थकला होता. तो तिच्याजवळ खाली बसला. त्याने मूठभर गवत उपटले आणि तिच्या तोंडापुढे धरले. ऊन कलेपर्यंत त्याने तो हात तसाच धरून ठेवला. शेवटी गाईने जीभ बाहेर काढली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रकेतू म्हणजे विहाराला रोज पातळ खीर धाडणारा आपला श्रेष्ठी. मणिधर म्हणजे त्याचा गोड बोलणारा कारभारी. खेमक म्हणजे आपल्या गाई सांभाळणारा वृद्ध भिक्षू. आणि गवाध्यक्ष मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि ती तांबडी गाय?"

शास्ते म्हणाले, "ती अजून गायच आहे. कुठेतरी दावणीला असेल."

थकून गप्प बसल्यावरही ज्याने शेवटी सत्य सांगितले, आणि आधी ते स्वतःबद्दल सांगितले, त्याची ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.