ढोकणे बाईंनी न केलेली सही

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि तिथल्या शाळेत ढोकणे बाई चौथीचा वर्ग शिकवत. अठ्ठावीस वर्षं त्या शिकवत होत्या. अपूर्णांक शिकवावेत ते बाईंनीच, असं गाव म्हणायचं.

एका वर्षी साथ आली. शाळेला कुलूप लागलं. वरून हुकूम निघाला की मुलं घरी राहतील, शिक्षकही घरी राहतील आणि शिकवणं मोबाइलवर होईल. शिक्षकांना हे जमावं म्हणून तालुक्याने पाठारे नावाचे एक तंत्रस्नेही शिक्षक नेमले. तीन केंद्रांतल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या तीन गटांतल्या, शाळा त्यांच्याकडे होत्या. प्रत्येक शिक्षकाला आपला वर्ग सुरू करता आला पाहिजे, एवढंच त्यांचं काम.

केंद्रशाळेत वीसेक शिक्षक अंतर ठेवून बसले. पाठारे भराभर बोलू लागले. लिंक, लॉगिन, स्क्रीन शेअर. ढोकणे बाई वहीत उतरवून घेत होत्या. त्यांची पहिली ओळ पुरी व्हायच्या आत पाठारे पाचव्या गोष्टीवर गेले होते.

बाईंनी हात वर केला. “सर, लिंक कुठून काढायची, ते परत एकदा सांगता?”

पाठारे हसले. “बाई, या वयात कशाला डोक्याला ताप? आणा तो मोबाइल इकडे.”

त्यांनी मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला, पटापट काहीतरी दाबलं आणि परत दिला. “झालं. सकाळी दहाला हे निळं बटण दाबायचं आणि बोलायचं. बाकी कशाला हात लावू नका.”

काही शिक्षकही हसले. बाईंनी वही मिटली. मग सर्वांना मोबाइल हातात धरायला लावून पाठाऱ्यांनी फोटो काढला आणि ते पुढच्या केंद्राला गेले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला बाईंनी निळं बटण दाबलं. मुलांचे चेहरे दिसले तेव्हा त्यांना भरून आलं. त्यांनी भाकरीचे चार तुकडे करून पाव, अर्धा, पाऊण समजावलं. तीन दिवस घसा कोरडा होईस्तोवर शिकवलं. मुलं नुसती बघत होती. बाईंना वाटलं, किती शहाण्यासारखी ऐकताहेत.

चौथ्या दिवशी वर्गातल्या रंजनाचे वडील तुळशीराम गावित दारात येऊन उभे राहिले.

“बाई, रागावू नका,” ते म्हणाले. “पोरगी रेंजसाठी रोज पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर जाऊन बसते. तीन दिवस तिला तुमचं तोंड हलताना दिसतंय, पण आवाज येत नाही. आमचा मोबाइल जुना, त्याचाच दोष असेल. तिला पुढच्या वर्षी परत चौथीतच बसवायचं का, तेवढं सांगा.”

बाई तशाच उठल्या आणि घरोघर फिरल्या. रेंज असलेल्या सगळ्या घरांत तीच तऱ्हा. त्यांचा माइक पहिल्या दिवसापासून बंद होता. प्रत्येक घराला वाटलं होतं, खोट आपल्याच मोबाइलात आहे. म्हणून कोणी बोललं नव्हतं.

बाईंना आधी लाज वाटली. मग राग आला. अठ्ठावीस वर्षांत आला नव्हता असा राग. त्यांनी पाठाऱ्यांना फोन लावला. “तुम्हीच काहीतरी भलतं दाबलं असेल,” असं म्हणून पाठाऱ्यांनी फोन ठेवून दिला.

शनिवारी केंद्रशाळेत पुन्हा बैठक झाली. पाठाऱ्यांनी छापील कागद आणले होते. ‘माझा ऑनलाइन वर्ग सुरळीत चालू आहे.’ खाली सहीची जागा. एकेक जण सही करत होता. बाईंची पाळी आली.

“माझ्या एकतीस मुलांनी एक शब्द ऐकलेला नाही. मी कशावर सही करू?”

“आवाजाचं नंतर बघू हो. अहवाल आज जायचाय. तुमच्या एकटीमुळे तालुका मागे राहील.”

“तालुक्याचं मला सांगू नका!” बाईंचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. “तुम्हाला शिकवायला पाठवलं होतं. तुम्ही हातातून मोबाइल ओढलात, फोटो काढलात आणि गेलात. मी पोरांच्या हातातली पाटी ओढून त्यांची गणितं अशी सोडवत बसले असते, तर या गावात एकाला बेरीज आली नसती!”

मग त्या इतरांकडे वळल्या. “आणि तुम्ही हसलात ना त्या दिवशी? कोणाचा वर्ग चालू आहे? हात वर करा.”

कोपऱ्यातला एक अर्धवट हात सोडला, तर कोणाचाच हात वर झाला नाही. भालेकर सर सगळ्यांत मोठ्याने हसले होते. त्यांनी आपला सही केलेला कागद उचलला आणि फाडला. “माझा वर्ग उघडतच नाही,” ते म्हणाले. “विचारायची लाज वाटली.”

कोपऱ्यातला तो हात तरुण तडवी मॅडमचा होता. त्या हळूच म्हणाल्या, “मला येतं हे सगळं. पण सर होते म्हणून मी मध्ये बोलले नाही.”

“मग आता तरी बोल!” बाई कडाडल्या.

पाठारे वरती तक्रार करतो म्हणत निघून गेले. तडवी मॅडमनी चार दिवस रोज दुपारी सगळ्यांना शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. दुसऱ्याच्या मोबाइलला स्वतः हात लावायचा नाही. भालेकर सर सात वेळा चुकले, आठव्यांदा जमलं. ढोकणे बाईंनी माइक स्वतःच्या बोटाने बंद केला, उघडला, परत बंद केला, परत उघडला.

पुढच्या सोमवारी मुलांना बाईंचा आवाज ऐकू आला. नऊ मुलांच्या पाड्यावर रेंज मुळीच नव्हती. बाई दर शनिवारी तिथे चालत जाऊन शिकवू लागल्या आणि अहवालात त्यांनी ‘नऊ मुलं ऑनलाइन नाहीत’ असंच लिहिलं.

महिन्याभराने तालुक्याच्या मोठ्या साहेबांनी तिन्ही केंद्रांतले वर्ग आपल्यासमोर उघडायला लावले. एकाच, बाईंच्या केंद्रातले उघडले. सगळं सुरळीत चालू आहे असं सांगणारा पाठाऱ्यांचा अहवाल रद्द झाला. तडवी मॅडमच्या हाताखाली त्यांना शाळा-शाळा फिरायला लावलं.

साहेब बाईंना म्हणाले, “जाऊ द्या बाई, माणूस घाईत होता. सोडून द्या.”

“माझं हसं झालं, ते मी सोडलं,” बाई म्हणाल्या. “पण त्या दोन केंद्रांतली लेकरं महिनाभर मुक्या मोबाइलसमोर बसली आणि आपलंच काहीतरी कमी आहे असं समजत राहिली. ते मी सोडणार नाही. तुम्हीही सोडू नका.”



तात्पर्य: शिकणाऱ्याला हसून त्याचं काम स्वतःच उरकून टाकणं आणि कागदावर ‘शिकवलं’ असं लिहिणं ही मदत नव्हे, फसवणूक आहे, आणि ती मुलांच्या वाट्याला येत असेल तर तिथे गप्प न बसता रागावलंच पाहिजे.