चिचूताईची निळी पिकअप

भोपळ्याच्या वेलाखाली एक चिचुंद्री राहायची. तिचं नाव चिचूताई. एवढीशी चिचूताई आणि केवढाले तिचे भोपळे! तिची पिल्लं रांगेत चालायची. पहिलं आईची शेपटी धरायचं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा काय झालं, चिचूताईच्या हातगाडीचं चाक मोडलं. कडाड! सगळ्यात मोठा भोपळा पडला. गडगड गडगड... फट्! भोपळा फुटला.

चिचूताईला रडूच आलं. "उद्या बाजार! आता भोपळे कसे न्यायचे? इथेच कुजतील गं बाई!"

मग तिने डोळे पुसले. साठवलेल्या पैशांचा बटवा घेतला. निघाली जुनी पिकअप घ्यायला. तुरुतुरु तुरुतुरु.

बोकोबांकडे दोन जुन्या पिकअप होत्या. एक लाल, चकचकीत. एक निळी, रंग उडालेली.

लाल म्हणाली, "मला घे, मला घे! बघतेस काय? पटकन घे!"

बोकोबा म्हणाले, "लालच घ्या ताई. नवरी दिसते नवरी!"

निळी म्हणाली, "मला घे. पण आधी तपासून घे. मेकॅनिक माकडमामांना आण."

चिचूताईने बटव्याची गाठ घट्ट केली. गेली मामांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मामा, मामा, तपासा ना!
गाडी मिळाली तर भोपळे जातील,
भोपळे गेले तर काळजी मिटेल!"

मामा म्हणाले, "मी नाही तपासत, जा! माझा पाना पडलाय चिखलात. त्यावर बसलीय म्हैस. ती उठेल, तर पाना मिळेल."

चिचूताई गेली म्हशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, मावशी, ऊठ ना!
पाना मिळाला तर मामा तपासतील,
मामांनी तपासली तर गाडी मिळेल,
गाडी मिळाली तर भोपळे जातील,
भोपळे गेले तर काळजी मिटेल!"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठत, जा! पाठीला गोचीड चावतात. चिखलातच बरं वाटतं. बगळा येऊन टिपेल, तर उठेन."

चिचूताई गेली बगळ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"बगळोबा, बगळोबा, या ना!
म्हैस उठली तर पाना मिळेल,
पाना मिळाला तर मामा तपासतील,
मामांनी तपासली तर गाडी मिळेल,
गाडी मिळाली तर भोपळे जातील,
भोपळे गेले तर काळजी मिटेल!"

बगळा म्हणाला, "मी नाही येत, जा! पायात पतंगाचा मांजा गुंतलाय. खेकडा तोडेल, तर येईन."

चिचूताई गेली खेकड्याकडे. आता मात्र तिचे पाय दुखायला लागले. तरी तुरुतुरु तुरुतुरु.

"खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, तोडा ना!
मांजा तुटला तर बगळा येईल,
बगळा आला तर म्हैस उठेल,
म्हैस उठली तर पाना मिळेल,
पाना मिळाला तर मामा तपासतील,
मामांनी तपासली तर गाडी मिळेल,
गाडी मिळाली तर भोपळे जातील,
भोपळे गेले तर काळजी मिटेल!"

खेकडा म्हणाला, "मी नाही तोडत, जा! पोटात कावळे ओरडतायत. काहीतरी गोड द्या, मग तोडतो."

गोड? अगं बाई, फुटलेला भोपळा!

चिचूताई धावत घरी गेली. पिल्लांना घेऊन आली. चिचूताईच्या डोक्यावर भोपळ्याची फोड, आणि मागे सगळी रांग!

खेकड्याने फोड खाल्ली. मचमच मचमच.
खेकड्याने मांजा तोडला. कट्!
बगळा आला. फडफड फडफड.
बगळ्याने गोचीड टिपले. टिपटिप टिपटिप.
म्हैस उठली. डुबुक!
आणि पाना मिळाला!

पाना घेऊन मामा आले. त्यांनी लालच्या बॉनेटवर हात ठेवला.

"आई गं! गरम! बोकोबा, आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीत होय? गरम गाडी काय, कशीही चालू होते!"

बोकोबा मिशा चाटायला लागले.

सगळे थांबले. लाल गार झाली. मामांनी किल्ली फिरवली. खर्र... खर्र... फुस्स! लाल मुकाट बसली.

मग मामांनी निळीच्या बॉनेटवर हात ठेवला. थंडगार! इथे टकटक, तिथे टकटक. किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र!

"दिसायला साधी आहे," मामा म्हणाले, "पण घरी पोचवेल हो ही!"

बटव्याची गाठ सुटली. निळी चिचूताईची झाली.

दुसऱ्या दिवशी भोपळे चढले. धप्प धप्प धप्प! बाजारात गेले. सगळेच्या सगळे खपले. येताना मोठा चढ लागला. घुर्र घुर्र घुर्र! निळी खोकलीसुद्धा नाही.

घर आलं. चिचूताई म्हणाली, "हुश्श! मिटली गं बाई काळजी!"

पिल्लं उतरली, रांगेत उभी राहिली. पहिल्याने आईची शेपटी धरली, दुसऱ्याने पहिल्याची, तिसऱ्याने दुसऱ्याची. तिसऱ्याची शेपटी कोण धरणार? कुणीच नाही.

त्याने आपली शेपटी निळीच्या बंपरवर ठेवली.

"आता तू धर," ते म्हणालं.

निळी हळूच म्हणाली, "घुर्र."

भोपळे गेले बाजारी, गोष्ट आली घरी!